कारण सांगायची गरज नाही

माझ्या वडिलांनी सोसायटीवर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, ही बातमी मला विरारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडताना कळली. वडिलांच्याच बिल्डिंगमधल्या एक वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि भाजीवाल्याला म्हणाल्या, "ह्यांना चांगली ताजी द्या हो, ह्यांच्या बाबांनी अख्ख्या सोसायटीला कामाला लावलंय." मग माझ्याकडे वळून अगदी साखरेत घोळलेल्या आवाजात, "काकांनी अर्ज केलाय ना सोसायटीवर? माहितीचा? तुला माहीत असेलच."

मला काय कप्पाळ माहीत असणार! मी जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. माझे बाबा आणि अर्ज? बाबा म्हणजे हॉटेलात चहात माशी पडली तर ती चमच्यानं बाजूला काढून उरलेला चहा पिणारे गृहस्थ. मुंबईच्या एका कचेरीत उभा जन्म कारकुनी केली, पण साहेबाकडे कधी तोंड उघडून रजा मागितली नाही. आजारीसुद्धा सुट्टीच्या दिवशीच पडायचे, असं आई म्हणायची. असा माणूस सगळ्या बिल्डिंगशी उभा दावा मांडेल, हे मला कुणी देवळात शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मी तेव्हा लग्न होऊन नंदाखालला आले होते. आई गेल्यापासून बाबा चंदनसारच्या घरात एकटे राहत होते, म्हणून दर रविवारी मी डबा घेऊन जायची. सासूबाई वाडीतल्या केळ्यांची एक फणी न चुकता पिशवीत घालायच्या. त्या रविवारी मी केळी टेबलावर ठेवली आणि चपला काढायच्या आधीच विचारलं, "बाबा, तुम्ही अर्ज केलाय?"

"हो."

"कशाचा?"

"माहितीचा."

"कसल्या माहितीचा?"

"वार्षिक सभेच्या."

"पण कशासाठी?"

बाबांनी टेबलावरची एक पातळ पुस्तिका उचलली, बसच्या तिकिटाची खूण घातलेलं पान काढलं, त्यावर बोट ठेवलं आणि ते माझ्यासमोर धरून म्हणाले, "अर्जदारानं कारण सांगायची गरज नाही. कायद्यात लिहिलंय."

पोटच्या पोरीला कायदा दाखवणारा बाप मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला राग यावा की हसू, तेच कळेना. मी चपला काढल्या आणि निमूटपणे डबा गरम करायला गेले.

तो कायदा तेव्हा नुकताच देशभर लागू झाला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी होता. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर कुणीतरी त्यावर व्याख्यान दिलं होतं. इतर म्हातारे त्यानंतर रस्त्याचे खड्डे आणि रेशनचं रॉकेल यांच्या मागे लागले. बाबांनी मात्र ती पुस्तिका विकत घेतली, घरी आणली, सगळी वाचून काढली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज दिला. गेल्याच्या गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेची कॅसेट ऐकायला मिळावी, एवढंच त्यात मागितलं होतं.

कॅसेटचं सांगायला हवं, कारण ही पद्धत मी आमच्या सोसायटीखेरीज दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आम्ही चंदनसारला राहायला आलो नव्वदच्या सुरुवातीला, तेव्हा बिल्डिंगच्या मागे भाताची शेतं होती आणि पुढे चिखल. नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा. सगळे नवे, सगळे नोकरदार, कुणी कोकणातला, कुणी देशावरचा, आणि सहकार म्हणजे काय हे प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा जास्त कळत होतं. मागच्या सभेत कोण काय म्हणालं होतं यावरून एका वर्षी दोघांनी एकमेकांची कॉलर धरली. तेव्हा ठराव झाला की यापुढे वार्षिक सभा टेप करायची. सेक्रेटरी आपला टेपरेकॉर्डर आणून खाली पार्किंगमध्ये स्टुलावर ठेवायचे, बटण दाबायचे आणि जाहीर करायचे, "हां, बोला आता, सगळं रेकॉर्ड होतंय." की मग जरा वेळ सगळे एकमेकांना अहोजाहो करायचे. नंतर सेक्रेटरी घरी कॅसेट ऐकून सभेचं इतिवृत्त लिहायचे.

टेपला न घाबरणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे माझी आई. आई सांगलीकडची. तिचा आवाज मळ्यात हाका मारून तयार झालेला, तो दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मावायचा नाही. गंमत अशी, की ती सोसायटीची सभासदच नव्हती. कर्जाच्या कागदांवर सही करणारे पगारदार बाबा, म्हणून घर बाबांच्या एकट्याच्या नावावर. आई उभी राहिली की सेक्रेटरी म्हणायचे, "काकू, तुम्ही मेंबर नाही. काकांना बोलू दे." आई म्हणायची, "बोलवा की मग त्यांना. मी पण ऐकते, कितीतरी वर्षं ऐकलं नाही." सगळी सभा हसायची. बाबा मागच्या खुर्चीवर आपल्या चपलांकडे बघत बसायचे. मग नाइलाजानं आईलाच बोलू द्यायचे, आणि एकदा बोलू दिलं की तिला थांबवणं सेक्रेटरीच्या बापालाही जमलं नसतं.

ही माझी आई अर्जाच्या आदल्या वर्षी जानेवारीत सकाळी कुकर लावताना खाली बसली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव. कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती गेलेली होती, असं बाबांनी मला फोनवर सांगितलं. त्याहून जास्त ते कधी काही बोलले नाहीत.

तर त्या अर्जानं बिल्डिंगमध्ये जो हाहाकार उडाला, तो मी दर रविवारी थोडा थोडा बघत होते. बाबांनी कारण न सांगितल्यामुळे प्रत्येकानं आपापलं कारण शोधून काढलं. कुणी म्हणे, टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं लफडं बाहेर निघणार. कुणी म्हणे, म्हाताऱ्याला चेअरमन व्हायचंय. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण आमच्या खजिनदारांनी बिचाऱ्यांनी काही खाल्लेलंही नव्हतं, तरी ते स्वतःहून सगळ्या पावत्यांची फाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावर बाबांकडे आले. "काका, एकदा नजर घाला, म्हणजे मी सुटलो." बाबांनी त्यांना चहा दिला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि फाइलला हातही लावला नाही. झालं! ह्यांना हिशोबातसुद्धा रस नाही, म्हणजे प्रकरण त्याहून मोठं आहे, अशी सगळ्यांची खात्रीच झाली.

सेक्रेटरीनं अर्ज परत पाठवला. सोसायटी ही खाजगी संस्था आहे, हा कायदा तिला लागू नाही, असं उत्तर दिलं. बाबांनी पुस्तिकेतलं दुसरं एक पान काढलं आणि तालुक्याच्या सहकार खात्याच्या कार्यालयात नवा अर्ज केला. आता बिल्डिंगमध्ये दोन पक्ष पडले. कायदा सोसायटीला लागू आहे असं म्हणणारे आणि नाही म्हणणारे. जिन्यात, गच्चीवर, रिक्षाच्या रांगेत हाच विषय. "सोसायटी म्हणजे काय सरकार आहे का?" "सहकारी आहे ना, त्यात सरकार नाही, पण सहकार खातं सरकारी आहे की नाही?" माणसांना स्वतःच्या मालकीच्या जिन्यातला बल्ब कोण बदलणार ते माहीत नव्हतं, पण ह्या प्रश्नावर मात्र हायकोर्टाच्या थाटात बोलत होती.

एका रविवारी सेक्रेटरींनी मला जिन्यातच गाठलं. मनुष्य तसा वाईट नव्हता. विम्याच्या ऑफिसात नोकरी, आणि उरलेल्या वेळात फुकटची सेक्रेटरीगिरी. "ताई, तुम्ही काकांना समजवा. हा ॲक्ट आपल्याला अप्लाय होतच नाही. आपण प्रायव्हेट बॉडी आहोत. आणि मी फुकट काम करतो हो, त्यात हे टेन्शन. मला बीपी झालाय."

"तुम्ही द्या ना ती कॅसेट ऐकायला," मी म्हटलं.

"देईन, पण कशाला पाहिजे ते तर सांगा! काकांनी आधी तोंडी मागितली होती, तेव्हा मी विचारलं, इतिवृत्तात काही चुकीचं लिहिलंय का? तर गप्प. आणि आठ दिवसांनी डायरेक्ट अर्ज! मग माणसाला डाउट येणार की नाही?"

मला त्यांचंही पटत होतं. पण वर गेले तर बाबा म्हणाले, काल खाली सत्यनारायण होता. आमच्या बिल्डिंगमध्ये वर्षाचा सत्यनारायण झाला की प्रसादाचे द्रोण दारोदार जायचे. भांडण असो, कोर्टकचेरी असो, प्रसाद कुणाचा चुकत नसे. मी टेबलावर बघितलं, ओट्यावर बघितलं.

"प्रसाद कुठाय?"

"नाही आला," बाबा म्हणाले. "विसरले असतील."

विसरले! शेजारच्या दारापर्यंत आले आणि आमच्या दारावरून पुढे गेले, ते विसरून? मला एवढा धक्का आईच्या जाण्यानंतर कशानंच बसला नव्हता. ज्या बिल्डिंगमध्ये माझ्या आईनं प्रसादाचा शिरा ढवळला, तिथे माझ्या बापाला देवाच्या प्रसादातूनसुद्धा वाळीत टाकलं! माझं डोकंच फिरलं. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "बस झालं, बाबा. मी आत्ता खाली जाते आणि तुमच्या वतीनं अर्ज मागे घेते असं लिहून देते. असं आहे तरी काय त्या कॅसेटमध्ये?"

बाबा केळ सोलत होते. केळावरून नजर न काढता म्हणाले, "तुझी आई आहे."

मी पिशवी परत टेबलावर ठेवली.

मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. घरात आईचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट त्यांनी शेजारून मशीन आणून तीन वेळा पाहिली होती. पण आमच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं, तेव्हाच्या सगळ्याच व्हिडिओवाल्यांप्रमाणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी टाकली होती. आई विहिणीशी बोलतेय, आई आचाऱ्याला झापतेय, आई मला निरोप देतेय, तोंड हलतंय आणि वर सनई, नाहीतर गाणं. तोंडाच्या हालचालीवरून ती काय म्हणत असेल ते ओळखायचा बाबांनी प्रयत्न केला होता. "थोडं थोडं कळतं," ते म्हणाले. "पण आवाज आठवत नाही गं. गेल्या दिवाळीपर्यंत आठवत होता. आता बाजारात कुणीतरी खणखणीत बोललं की मी वळून बघतो, आणि नंतर वाटतं, असाच होता का नक्की?"

"मग सेक्रेटरीला सांगायचं ना हे!"

"काय सांगू?" बाबा एकदम माझ्याकडे बघून म्हणाले. "बायकोचा आवाज ऐकायचाय, म्हणून सांगू? ह्या वयात? लोक काय म्हणतील?"

सगळी बिल्डिंग चोर ठरवते आहे, प्रसाद बंद झालाय, ते चाललं. पण बायकोची आठवण येते म्हणायची लाज! आणि मग असा एक कायदा सापडला, ज्यात कारण सांगायची गरज नाही. बाबांना तो देवानंच खास त्यांच्यासाठी पाठवलाय असं वाटलं असणार. त्यांनी मला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही.

मी फक्त सासूबाईंना सांगितलं. त्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या, बोलायला तुटक. वालाच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फोटू तर कोनीपन काढतो. आवाज कोन ठेवते?" जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "त्या हापिसात तू जा त्यांच्याबरोबर. एकट्या मानसाला पानीपन कोन विचारत नाय." म्हणून सहकार खात्यानं दोन्ही बाजूंना बोलावलं, तेव्हा मी शाळेतून रजा टाकून बाबांबरोबर गेले. मी आगाशीच्या एका शाळेत शिकवत होते.

कार्यालयात अधिकारी पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. एका बाजूला इस्त्रीचा शर्ट घालून सेक्रेटरी, मांडीवर दप्तराची पिशवी. दुसऱ्या बाजूला बाबा, हातात पुस्तिका. अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि बाबांना म्हणाले, "आजोबा, हा कायदा आहे सरकारी कार्यालयांसाठी. तुमची सोसायटी सरकार नव्हे, सरकारचा पैसा तिच्यात नाही. त्यामुळे थेट तिला हा लागू होतो असं मी म्हणू शकत नाही. काही जण लागू होतो म्हणतात, अजून ते कुठे पक्कं ठरलेलं नाही."

सेक्रेटरींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण," अधिकारी त्यांच्याकडे वळले, "माझं कार्यालय सरकारी आहे. तुमचं जे माझ्याकडे येतं, ते हे मागू शकतात. आणि सहकार कायद्यानं मी तुमच्याकडून जे मागवू शकतो, तेही मागवून ह्यांना देता येतं. आणि मुळात, इतिवृत्त बघायला सभासदाला ह्या नव्या कायद्याची गरजच काय? तो हक्क सहकाराच्या जुन्या कायद्यातच दिलेला आहे. फी घ्या आणि दाखवा. आणलंय का?"

म्हणजे इतके महिने बिल्डिंगमध्ये जी महाभारतं झाली, त्यातलं अर्धं तर पहिल्यापासून आमच्या हक्काचंच होतं, आणि ते ना देणाऱ्याला ठाऊक, ना मागणाऱ्याला! मी आणि सेक्रेटरी एकमेकांकडे बघतच राहिलो. त्यांनी पिशवीतून इतिवृत्ताचं जाड पुस्तक काढून बाबांपुढे ठेवलं.

बाबांनी ते सावकाश चाळलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. पहिल्या वर्षापासूनच्या सभा, पाण्याचा विषय प्रत्येक सभेत. आणि प्रत्येक सभेत तेच वाक्य: 'पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली. चर्चेअंती विषय संपविण्यात आला.' चर्चा झाली! अहो, चर्चा कसली, माझी आई एकटी भांडत होती! तिचं नाव नाही, तिचा प्रश्न नाही, साधं 'एका महिलेने' सुद्धा नाही.

"आईचं काहीच कसं नाही ह्यात?" मी विचारलं.

सेक्रेटरी ओशाळून म्हणाले, "त्या मेंबर नव्हत्या ना, ताई. नॉन-मेंबरचं बोलणं मिनिट्समध्ये घेत नाहीत."

बाबा पान उलटत होते. शेवटच्या सभेच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे आई होती. 'एका सभासदाच्या पत्नीच्या दुःखद निधनाबद्दल सभेने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली.' इतक्या वर्षांत सोसायटीच्या दप्तरात माझी आई आली ती एकदाच, आणि तीही मेल्यावर.

बाबांनी पुस्तक मिटलं. "मी इतिवृत्त मागितलं नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी कॅसेट मागितली होती. कायद्यात टेपचाही उल्लेख आहे."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. "असेल तर ऐकवायला माझी हरकत नाही. पण सभा टेप करायची, कॅसेट जपून ठेवायची, असा काही नियम नाही, आजोबा. ते मी ह्यांच्याकडून हक्कानं मागवू शकत नाही. काय हो, आहे का कॅसेट?"

"कॅसेट आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण एकच आहे, साहेब. पहिल्यापासून तीच वापरतो. इतिवृत्त मंजूर झालं की पुढच्या वर्षी त्याच्यावरच परत रेकॉर्ड करतो. काका मागतात ती सभा पुसली गेली. मी सांगणार होतो, पण अर्ज आल्यावर म्हटलं, आता लेखी काही बोलायलाच नको."

पुस्तिका बाबांच्या हातात होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिची कड टेबलाच्या कडेला जुळवली. मला मात्र राहवेना. मी शपथबिपथ सगळं विसरले आणि सरकारी कार्यालयात, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहो, त्यात माझी आई होती! हिशोब नको होता त्यांना, आईचा आवाज हवा होता! आमच्याकडे तिचा आवाज कुठेच नाहीये!"

सगळं कार्यालय थबकलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "काका," ते म्हणाले, "एवढंच होतं तर..." बाबा उठले आणि कुणाकडेही न बघता बाहेर चालू लागले. त्यांना एकटं सोडून नंदाखालला जायचा धीर मला होईना, म्हणून त्यांच्याबरोबर वर घरीच गेले.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात सेक्रेटरी उभे. हातात प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला तो टेपरेकॉर्डर, आणि मागे त्यांच्या मिसेस, त्यांच्या हातात झाकलेली ताटली. ते आत आले नाहीत. टेप दाराजवळच्या खुर्चीवर ठेवून म्हणाले, "काका, काही राहिलं नसणार. पण कॅसेट तुमच्याकडेच राहू दे. आम्हाला नको." मिसेसनी ताटली माझ्या हातात दिली. शिरा होता. दोघंही लगेच खाली गेले. शिऱ्याला कुणी हात लावला नाही.

बाबांनी टेप टेबलावर घेतला आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग सेक्रेटरीचा आवाज, "हां, बोला आता, सगळं रेकॉर्ड होतंय." ही आई गेल्यानंतरची सभा होती. पहिलाच विषय श्रद्धांजलीचा. खुर्च्या सरकल्याचे आवाज, सगळे उठून उभे राहिले असणार. मग शांतता. कुणीतरी खोकलं. लांबून रिक्षाचा हॉर्न. पंपाची घरघर.

आम्ही दोघं ती शांतता ऐकत बसलो, आणि मला एकदम कळलं की आपण काय ऐकतोय. ह्या फितीवर आधी आईचा आवाज होता. तो पुसून त्याच्या जागी तिच्याच श्रद्धांजलीची शांतता भरली होती. मी तोंडावर हात दाबून धरला.

"धन्यवाद. बसा. विषय दुसरा," सेक्रेटरी म्हणाले. मग भराभर विषय येत गेले. मंजूर? मंजूर. मंजूर? मंजूर. "पाण्याबद्दल कुणाला काही बोलायचंय?" कुणीच बोललं नाही. "नाही ना? चला मग, चहा घेऊन जा सगळ्यांनी." आणि टक्. बटण बंद केल्याचा आवाज. त्यापुढे जेमतेम थोडी फीत उरली होती. तिच्यावर मागल्या कुठल्या तरी सभेतली कुजबुज होती, पण आई नव्हती. मग टेप आपोआप थांबला.

मी वायर काढायला उठले. "थांब," बाबा म्हणाले.

"संपलं, बाबा."

"सभा लवकर संपली होती. मी होतो ना तिथे. कुणी काही विचारलंच नाही." त्यांनी कॅसेट बाहेर काढली आणि हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "तुझी आई असायची तेव्हा सभेच्या मध्येच हा माणूस उठून कॅसेट उलटी करायचा. ह्या वेळी उलटावी लागलीच नसेल."

त्यांनी कॅसेट उलटी घातली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. मग बटण दाबलं.

"...तर आम्ही काय ज्योतिष बघायचं का?" आई म्हणाली.

आई! माझी आई, ह्या खोलीत, टेबलावर! मी किंचाळलेच असणार, कारण बाबांनी मला हातानं गप्प राहा म्हणून खूण केली. तोच आवाज होता, खणखणीत, मळ्यातला. मला तो पूर्ण आठवतोय असं मी समजत होते, आणि मला तो मुळीच आठवत नव्हता. 'काय'मधला तिचा तो हेल मी साफ विसरून गेले होते.

"टँकर कधी येणार हे ज्याला पाणी भरायचंय त्याला आधी कळायला नको? तुमच्या खिशात ठेवून काय उपयोग?"

"काकू, तुम्ही बसा. तुम्ही मेंबर नाही," सेक्रेटरी.

"मी काही खाली बसायची नाही. आधी उत्तर द्या."

हसण्याचा आवाज. खुर्च्या. आणि मग मागून, लांबून, हळू, ओशाळलेला एक आवाज आला. मला ओळखायला क्षणभर लागला. तो बाबांचा होता.

"अगं, बस आता. किती बोलशील. बस खाली."

फितीवर आई गप्प झाली. खरोखरच एकदम गप्प झाली. खुर्ची करकरली.

मी बाबांकडे बघितलं. ते टेबलावर ओणवे झाले होते, तोंड अगदी टेपच्या जाळीजवळ.

"नको बसू," ते म्हणाले. "बोल तू. बोल."